बसून राहिलेला फॉस्फेट

अहो, इकडे बघा! नाही दिसणार म्हणा. मी फॉस्फेट. जन्म खडकातला, वाढ मातीत. मग एका दाण्यातून माझी स्वारी थेट एका बसचालकाच्या पोटात आणि तिथून त्यांच्या दंडात आली. तिथल्या एका पेशीत मला नोकरी लागली.

नोकरी कसली, तर बसायचं आणि उठायचं. जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, तयार होते तेव्हा तिच्यात नको तो मजकूर फार असतो. तो कापून उरलेलं जोडायला काही प्रथिनं मदत करतात. एक विकर, म्हणजे एन्झाइम, मला अशा प्रथिनावर बसवतं, तेव्हा ते कामाला लागतं. पण काम तडीस जायला दुसऱ्या विकराने मला उठवावंही लागतं. खुर्चीवरून उठायचं माणसांच्या जिवावर येतं. आमच्यात तसं झालं की संदेशाचा पार विचका होतो.

मालकांचा, म्हणजे त्या बसचालकाचा, दंड लुळा पडत चालला. स्टिअरिंग वळेना, बस चालवणं सुटलं. डॉक्टरांनी तपासायला दंडाचा एक तुकडा काढला, त्यात मी.

"एवढाच घ्या," मालक म्हणाले. "पुन्हा मागू नका. उरलाय तो मला नातीला उचलायला लागतो."

प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी अर्धा तुकडा खलात वाटून तपासला. प्रथिन उघडंबोडकं, एकही फॉस्फेट नाही! म्हणजे बसवणारं विकर बिघडलंय, त्याला जोर देणारं औषध द्यायचं, असं ठरलं. बाई हरखून गेल्या. मी उरलेल्या अर्ध्यात गोठून पडलो होतो. कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

मग तुलनेसाठी घेतलेला निरोगी माणसाचा नमुनाही उघडाच निघाला. तिथे तरी आम्ही असायलाच हवे होतो!

"वाटताना रोधक घातलं होतं ना?" बाईंनी सहकाऱ्याला विचारलं.

"घातलं असेल."

"असेल म्हणजे?"

पेशी चिरडली की सगळी सरमिसळ होते, भलतीच विकरं धावून येतात आणि आम्हाला ओढून काढतात. रोधक त्यांना अडवतं. ते कुणी घातलंच नव्हतं!

बाईंनी उरलेला तुकडा बर्फावर घेतला आणि रोधक स्वतः घातलं. या वेळी चाचणीत फॉस्फेट दाखवणारी पट्टी काळीकुट्ट उमटली. आम्ही होतो, हवे त्याहून कितीतरी जास्त होतो. बिघाड उठवण्यात होता. ते औषध म्हणजे आगीत तेल झालं असतं.

बाईंनी लगेच फोन लावला. "काका, ते औषध घेऊ नका."

"मग कुठलं घेऊ?"

"अजून सापडलं नाही."

पलीकडून आवाज आला, "नात वाढतेय, मॅडम. जरा लवकर बघा."

मी आता या नळीतच संपणार, त्याचं काही नाही. पण त्यांच्या दंडात माझे भाईबंद अजून ताटकळत बसलेत. त्यांना कोणीतरी उठवा हो!