पोट कुणाचं?

“तुझं बरं आहे बाई, तू घेतेस ती सुई. आमच्या ह्यांचा गुडघा बदलला तेव्हा ह्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं होतं.” शेजारच्या बेसाहने हारुआन माशाच्या रश्शाचा डबा सालमाहच्या उशाशी ठेवला. जखम लवकर भरावी म्हणून गावात सगळेच हा रस्सा आणून देत.

“एवढा वाघासारखा माणूस, टोचायला घाबरला?” सालमाह हसली.

“घाबरतोय कसला! डुकराच्या आतड्यापासनं करतात ना ते औषध. डॉक्टरांनी आधीच विचारलं, चालेल का म्हणून.” बेसाहने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “तुला नाही विचारलं?”

सालमाहचा हात आपसूक पोटावर गेला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोज संध्याकाळी तिची लेक याती याच पोटात ते रक्त गोठू न देणारं इंजेक्शन देत होती. दोघी मिळून बिस्मिल्ला म्हणत, मग याती सुई टोचे. आणि इस्पितळात डॉक्टर बोलायला आले तेव्हा सालमाहनेच तोऱ्यात सांगितलं होतं, “माझ्या लेकीला विचारा. ती शिकलेली आहे.”

मलेशियातल्या कोता भारूच्या बाजारात सालमाह आयुष्यभर अंड्याचे गोड आकोक विकत आली. साच्यांना तेल फासायला एकदा तिने नवा ब्रश घेतला. त्याचे केस डुकराचे आहेत हे कळलं तेव्हा तिने साचे तर फेकलेच, वर गिऱ्हाइकांच्या दारोदार जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगून आली. लोक नाही नाही ते बोलले, काही गिऱ्हाइकं कायमची तुटली. तेव्हापासून ती केळीच्या पानाचा बोळा वापरायची. त्या दिवशी लहानगी याती तिचं बोट धरून सगळीकडे हिंडली होती.

संध्याकाळी याती इंजेक्शन घेऊन आली.

“हे कशापासून करतात गं?”

याती खाटेच्या कडेवर बसली. “बेसाह मावशी आली होती वाटतं.”

“मी विचारलं ते सांग.”

“आई, तुझं वजन बघ. आपल्या याकूबच्या वेळी बाळंतपणात तुझ्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, मरता मरता वाचलीस. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाला गुडघा बदलल्यावर परत होऊ शकते. ती सरकून फुप्फुसात गेली की संपलंच. गोळ्या तुझ्या बाकीच्या औषधांशी जमत नव्हत्या, दुसरं इंजेक्शन इथं मिळेना. इमामांनाही विचारलं मी. जिवावर बेतत असेल तर चालतं म्हणाले.”

“डॉक्टरांना विचारलंस, इमामांना विचारलंस. पोट कुणाचं होतं?”

“तू नाहीच म्हणाली असतीस.”

“हो म्हणालेही असते, कोण जाणे! एका ब्रशापायी मी परक्यांच्या दारात उभी राहिले, याती. तुला माझ्या खाटेपर्यंत येऊन सांगायला जमलं नाही?”

याती रडायला लागली. सालमाहला तिची दया आली नाही, आणि येत नाही याचंच तिला जास्त वाईट वाटलं. परक्याने फसवलं असतं तर तिने अख्खा बाजार डोक्यावर घेतला असता. पोटच्या पोरीवर ओरडायचं बळही तिच्यात उरलं नव्हतं. नवा गुडघा ठणकत होता. मरायचं तर तिलाही नव्हतं.

शेवटी तिने आपणच पोटावरचा अंगरखा वर केला.

“दे.”

यातीने डोळे पुसले, सुई धरली आणि सवयीने बिस्मिल्ला म्हणायला ओठ उघडले.

“ते नको म्हणूस,” सालमाह म्हणाली. “नुसतं टोच.”

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. यातीने ओठ मिटले आणि सुई टोचली.