साक्षीदाराचा पत्ता

व्हर्ना टोलेफसननं पेनच्या टोकानं काचेवर टकटक केलं आणि कोरी मतपत्रिका बाहेर उभ्या असलेल्या शेजाऱ्याला दोन्ही बाजूंनी दाखवली. ड्वेन पावलाकनं मान हलवली. मग तिनं त्याच्याकडे पाठ केली, मत नोंदवलं, पत्रिका पाकिटात घालून पाकीट चिकटवलं, वर सही केली आणि दार चार बोटं उघडून ते ओट्यावरच्या खुर्चीत ठेवलं. दार लगेच लावून घेतलं.

ड्वेननं पाकीट मांडीवर धरून साक्षीदाराच्या रकान्यात सही केली. खाली आपला पत्ता लिहिला. जीभ दातांत धरून लिहायची त्याची सवय शाळेत होती तशीच होती. व्हर्नानं त्याला तिथे सहा वर्षं जेवण वाढलं होतं, तेव्हा ती शाळेच्या मुदपाकखान्यात होती. पोरगा मटार ताटाच्या कडेला लपवायचा आणि ‘खाल्ले, मिसेस टी’ म्हणून सांगायचा. ते तिला आत्ताच का आठवावं कोण जाणे.

विस्कॉन्सिनचा कायदाच तसा आहे. टपालानं मत द्यायचं तर कुणीतरी डोळ्यांनी बघायचं, पाकिटावर सही करायची आणि स्वतःचा पूर्ण पत्ता लिहायचा. एरवी यात अवघड ते काय? पण यंदा, करोनाच्या साथीत, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, हृदयाचं दुखणं असलेल्या विधवेनं साक्षीला माणूस आणायचा कुठून? मुलगी मिनियापोलिसला, मार्चपासून नुसती फोनवर. चर्चच्या बायका एकमेकींना खिडकीतून हात करतात आणि पुढे जातात. राहता राहिला ड्वेन, आणि ड्वेनच्या अंगणात तर पाटी लागलेली: ‘जादा कर नको’.

तो जादा कर गावच्या अँब्युलन्ससाठी होता. जूनमध्ये कागद गिरणी बंद पडली. साथीत ऑफिसं बंद झाली, कागद कोण घेणार? गिरणीचा कर थांबला तसा गावाचा हातही आखडला. दिवे कमी झाले, वाचनालय गेलं. आता अँब्युलन्स ठेवायची तर प्रत्येक घरानं थोडं जास्त द्यायचं, नाहीतर तालुक्याहून येईल तिची वाट बघायची. जुलैमध्ये व्हर्ना स्वयंपाकघरात कोसळली तेव्हा गावची गाडी नऊ मिनिटांत दारात होती. तालुक्याहून यायला चाळीस मिनिटं लागतात. हे गणित तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

ड्वेनचं गणित वेगळं होतं. गिरणीत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस, आता कुठे नॉर्थ डकोटात बीटाचे ट्रक हाकायचं काम मिळालं होतं. शनिवारी पहाटे निघायचं, महिनाभर परत यायचं नाही. म्हणजे मतदानाच्या मंगळवारी तोही गावात नसणार. बायको दोन वर्षांपूर्वी बहिणीकडे म्हणून टेक्सासला गेली ती गेलीच. त्यालाही साक्षीदार हवा होता.

“आता माझं बघा,” तो काचेतून म्हणाला आणि त्यानं खिशातून आपली पत्रिका काढली.

तिनं बघितलं. त्यानंही पाठ केली, मत दिलं, पाकीट चिकटवलं, सही केली, तिच्या पाकिटाशेजारी खुर्चीत ठेवलं आणि तो पायऱ्या उतरून लांब उभा राहिला. व्हर्नानं दोन्ही पाकिटं आत घेतली. त्याच्या पाकिटावर साक्षीदार म्हणून सही केली. पेन खालच्या ओळीवर आलं, पत्त्याच्या.

गावात निवडणूक असली की मतदानाच्या टेबलाशी बसायचं काम तिनं तीस वर्षं केलं होतं. सही आहे पण साक्षीदाराचा पत्ता नाही, असं पाकीट आलं की बाजूला ठेवायचं, ते मत मोजायचं नाही, हे नव्या बायकांना तिनंच शिकवलं होतं. तिनं पेनला टोपण घातलं. मग स्वतःचं पाकीट त्याच्या पाकिटावर पालथं ठेवलं आणि दोन्ही बाहेर दिली. तो मुळीच न बघता ट्रककडे निघून गेला. जाताना म्हणाला, आजच गावकचेरीत पोचवतो.

हात धुताना तिनं स्वतःला सांगितलं की विसरले. दुसऱ्यांदाही तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तिनं संगणकावर स्वतःचं नाव घालून बघितलं. ‘आपलं मत अद्याप मिळालेलं नाही.’ होतं असं कधीकधी, लिओना दुपारपर्यंत नोंदवेल. लिओना ही गावकचेरीतली एकुलती एक कारकून, व्हर्नाची जुनी मैत्रीण. दुपारीही तेच. संध्याकाळीही तेच. बुधवारी कचेरीत फोन लावला तर यंत्रानं उत्तर दिलं की आजारपणामुळे कचेरी गुरुवारपर्यंत बंद आहे, पाकिटं दारातल्या पेटीत टाका, रोज काढली जातात.

रोज काढली जातात. मग तिचं कुठे होतं?

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. खिडकीशी खुर्ची ओढून ती बसली आणि ड्वेनच्या घराकडे बघत राहिली. तो ट्रकमध्ये सामान भरत होता. दोनदा त्यानं हात केला. दोन्ही वेळा तिनं पडद्यामागे मान घेतली. ज्याच्या पाटीवर ‘नको’ लिहिलंय त्याच्याच हातात आपण ‘हवं’चं पाकीट दिलं, म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला सांगितलं, आणखी काय. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, आई, अशा माणसांवर विश्वास ठेवायचाच नव्हता. व्हर्नाला ते ऐकून बरं वाटलं. आपण पाकिटावर काय लिहिलं नाही, ते मात्र तिनं मुलीला सांगितलं नाही.

गुरुवारी ड्वेननं परसातल्या पिंपात जाळ केला. आधी पानं घातली, मग पुठ्ठे, मग एका खोक्यातून कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे. त्यात पांढरी लांबट पाकिटं होती. ती तिनं चष्मा पुसून नीट बघितली. एकेक पाकीट वाचत होता आणि टाकत होता.

व्हर्ना उठून उभी राहिली. छातीत धडधडायला लागलं म्हणून पुन्हा बसली. इतका राग तिला नवरा गेल्यावर दवाखान्याचं बिल आलं तेव्हाही आला नव्हता. म्हणजे तीस वर्षांचा शेजार, हिवाळ्यात त्यानं तिच्या दारातला बर्फ काढणं, मटार, सगळं त्या पिंपात गेलं. शुक्रवारी नऊच्या ठोक्याला लिओनाला फोन करायचा आणि नाव घेऊन तक्रार करायची, असं तिनं ठरवलं. काय बोलायचं ते किराण्याच्या यादीमागे लिहूनही ठेवलं.

शुक्रवारी नऊला लिओनानं फोन उचलला. आवाज बसलेला होता. नवऱ्याला करोना झाला होता, त्यामुळे तिलाही घरात कोंडून घ्यावं लागलं होतं, आज सुटका झाली. व्हर्नानं सगळं ऐकून घेतलं आणि यादी समोर धरली.

“लिओना, मला एक तक्रार द्यायची आहे.”

“थांब, आधी तुझं सांगते,” लिओना म्हणाली. “तुझं पाकीट आलंय. आत्ताच. मी दार उघडायच्या आधी पावलाकचा ड्वेन पायरीवर बसला होता. सोमवारपासून ट्रकच्या काचेशी ठेवून फिरत होता म्हणे. त्याचा पेटीवर विश्वास नाही. रेडिओवर काय काय ऐकतात ना ही माणसं. माझ्याच हातात द्यायचं, म्हणून चार दिवस थांबला.”

व्हर्नानं यादी पालथी घातली.

“तुझं ठीक आहे, नोंदवलं,” लिओना पुढे म्हणाली. “गोची त्याच्या पाकिटाची झाली. साक्षीदाराचा पत्ताच नाही. आणि साक्षीदार कोण, तर तू! मी हसलेच. म्हटलं, वय झालं बाई आमच्या व्हर्नाचं.”

“मग?”

“मग काय, आम्हाला लाल पेनानं भरायची मुभा आहे. तुझा पत्ता मला झोपेतही येतो. पेन हातात घेतलं तर हा नाही म्हणाला. म्हणाला, तिनं जे लिहिलं नाही ते तुम्ही लिहायचं नाही, कचेरीतल्या लोकांनी पाकिटांवर लिहायचं नाही, याच्यावरच तर सगळं भांडण चाललंय. म्हटलं, मग जा आणि तिच्याकडून लिहून आण. तर म्हणाला, ती आजारी आहे, तिला पुन्हा दारात आणायचं नाही. पाकीट घेऊन गेला. पहाटे निघतोय तो, मत गेलंच त्याचं.” मग तिनं विचारलं, “तुझी तक्रार काय होती?”

“काही नाही,” व्हर्ना म्हणाली. “संगणकाची होती.”

फोन ठेवल्यावर ती दुपारपर्यंत खिडकीशी बसून होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण मन इतकं लबाड की तरीही तिला म्हणत होतं, गप्प बस. तुझं मत आत पडलंय, त्याचं बाहेर राहिलंय. तू काही फाडलं नाहीस, जाळलं नाहीस. चाळीस मिनिटं लक्षात ठेव.

तिनं कोट चढवला, मुखपट्टी बांधली, पेन घेतलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा आपल्या पायांनी पायऱ्या उतरून अंगणाच्या पलीकडे गेली.

ड्वेन ट्रकवर ताडपत्री बांधत होता. तिला बघून त्यानं आधी गळ्यातली मुखपट्टी वर ओढली आणि मग चार पावलं मागे सरला.

“पाकीट दे,” ती म्हणाली.

त्यानं ट्रकमधून काढून दिलं. ते तिनं ट्रकच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवलं आणि लिहायला लागली. घरनंबर वेडावाकडा आला.

“लिओना म्हणाली, विसरलात,” ड्वेन म्हणाला.

“तुला काय वाटतं?”

त्यानं दोरीची गाठ आवळली. “आईचं पाकीट तुम्हीच बाजूला ठेवलं होतंत. ती आजारी होती त्या वर्षी. पत्ता नव्हता म्हणून. रडली होती ती. तुम्ही विसरणाऱ्यातल्या नाही, मिसेस टी.”

“विसरले नव्हते,” व्हर्ना म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं की तो ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो नुसता पाकिटाकडे बोट करून म्हणाला, “पिनकोड राहिला.”

तिनं पिनकोड लिहिला. मग न राहवून विचारलं की काल पिंपात काय जाळलंस. गिरणीची पत्रं, तो म्हणाला, बेकारभत्त्याची पत्रं, सगळी ‘कळवण्यास खेद होतो’वाली. तिनं पाकीट पुढे केलं. त्यानं घेतलं नाही.

“कचेरी आता बंद झाली. शुक्रवारी बारापर्यंतच असते. मी पहाटे जाणार.”

“मग वाटेत पेटीत टाक.”

“पेटीवर माझा विश्वास नाही.”

“मग कोणावर आहे?”

त्यानं ताडपत्रीची दुसरी बाजू ओढून घेतली, तीही बांधली. मग पाकिटाकडे आणि तिच्याकडे बघितलं.

“तुमच्याकडेच राहू दे,” तो म्हणाला. “मला तरी दुसरं कोण आहे?”

पाकीट रात्रभर तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं. आत काय आहे हे तिला माहीत होतं, म्हणजे पाटीवरून माहीत होतं तेवढंच. सोमवारी कचेरी उघडली की लिओनाच्या हातात देऊ, असं तिनं एकदा ठरवलं. पण सोमवारपर्यंत ते टेबलावर राहिलं तर आपण काय करू, याचा तिला भरवसा वाटेना. ड्वेनचा पेटीवर विश्वास नव्हता, तिचा स्वतःवर नव्हता. शनिवारी न्याहारी झाल्या झाल्या ती निघाली.

कचेरी चार गल्ल्या लांब. दर गल्लीला ती थांबली, कुणाच्या तरी कुंपणाला धरून श्वास घेतला. कचेरीच्या शेजारीच अँब्युलन्सची शेड होती. दार उघडं होतं आणि गाडी धुऊन उभी केलेली होती. तिच्याकडे न बघता व्हर्ना पेटीपर्यंत गेली, कोटाच्या आतून पाकीट काढलं, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि आत टाकलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला.

दुसराही आवाज आला, फोनवर फोटो काढल्याचा. समोर एक निळी गाडी उभी होती. आत कधी न पाहिलेला एक माणूस, मांडीवर थर्मास. खोटी मतं पकडायला लोक असे पेट्यांवर नजर ठेवून बसतात असं तिनं बातम्यांत बघितलं होतं.

“स्वतःचं टाकलंत का, आजी?” त्यानं काच खाली करून विचारलं.

“नाही. शेजाऱ्याचं.”

“असं?” त्यानं फोन पुन्हा उचलला. “त्या शेजाऱ्याला माहीत आहे का?”

व्हर्नाला दम लागला होता. ती पेटीला टेकली. मग तिनं मुखपट्टी खाली ओढली, चेहरा पूर्ण दिसेल असा त्याच्याकडे केला आणि फोटो निघेपर्यंत थांबली.

“व्हर्ना टोलेफसन,” ती म्हणाली. “दोनशे चौदा, एल्म स्ट्रीट. लिहून घे. पत्ता राहायला नको.”

त्याच्याजवळ लिहायला काही नव्हतं. तिनं कोटाच्या खिशातून पेन काढलं, काचेतून त्याला दिलं आणि पिनकोड एकेक आकडा करून सावकाश सांगितला.