पवळ्याचं आवतन

पळसाच्या पानावर लोणी-हळद घेऊन अमृतराव पवळ्याचा खांदा चोळत होते. दिवस कलला होता, उद्यावर पोळा आला होता. जुवाखाली पडलेला घट्टा हाताला लागला तसा ते त्यावर अंगठा दाबून फिरवू लागले, आणि पवळ्यानं सुखानं मान खाली सोडली. राहीबाई आरतीचं ताट घेऊन शेजारी उभी होती. दुसराही खांदा चोळून झाला आणि अमृतरावांची जीभ सवयीनं वळली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बोलून गेले आणि हातातलं पान जागीच थांबलं. झालं! नको तेच तोंडातून गेलं. लग्न झाल्यापासून दर खांदमळणीला ते हेच म्हणत आले होते. आज तेवढं म्हणायचं नाही असं दुपारपासून घोकूनही म्हणून बसले.

"काऊन थांबले?" राहीबाईनं विचारलं.

"उद्या तो इथं नाही राहत. तामसीकडच्या यशवंतरावले सबूद देल्ला मी. सकाळी टेम्पो येते."

राहीबाईच्या हातातलं ताट कललं. तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. सांगितलं तर रडेल म्हणून अमृतरावांनी आठ दिवस तोंडाला कुलूप घातलं होतं. तसं पाहिलं तर त्यांनी वाईट काय केलं होतं? जोडीचा हरण्या हिवाळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. एकट्या बैलाला जुंपणार कशाला? पोरगा, जीवन, सारं ट्रॅक्टरनं करून घ्यायचा. तिकडे यशवंतरावाचाही एक बैल गेलेला; पोळ्याच्या तोरणाखाली जोडी उभी करायची त्याला हौस होती. माणूस चांगला, चारा भरपूर. पवळ्याचं भलंच होणार होतं.

"अन् आवतन?" राहीबाई म्हणाली. "देवाले जेवाले बोलावता अन् घरातून काढून देता?"

"अवो, देव तो पोळ्याच्या दिवशी. बाकी वर्षभर बैलच ना? आपून त्याले येसन घालतो, तुतारीच्या काठीनं टोचतो. देवाले कोनी येसन घालते काय?"

"घालते. अन् घातली तरी तो दुसऱ्या दिवशी तुमच्याच हाताखाली मान देते. तुमच्यानं होईन का असं?"

बायको अशी कधी बोलत नसे, आणि बोलली की खरंच बोलायची, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

सकाळी टेम्पो आला. पवळ्या अडेल, पाय रोवेल, मग 'जनावर तयार नाही' म्हणून बोलणं मोडता येईल, असं अमृतरावांच्या मनात होतं. पण कसचं काय! फळी लावली आणि पवळ्या मुकाट वर चढला.

दुपारी पुरणपोळ्या झाल्या. जीवनचं जेवण उरकलं. राहीबाई मात्र चुलीपाशी बसून राहिली.

"ज्याले बोलावलं तो जेवल्याबिगर माह्या घशाखाली घास नाही उतरत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच अमृतरावांना जास्त लागलं.

त्यांनी चार पोळ्या फडक्यात बांधल्या आणि जीवनची मोटारसायकल काढली.

यशवंतरावाच्या अंगणात पवळ्या ओळखू येईना. शिंगांना बेगड, अंगावर नवी झूल, शेजारी जोडीदार. यशवंतरावाची बायको, रुख्मिणी, वाकून त्याचे पाय धूत होती.

"या भाऊ, बसा," ती म्हणाली. "काल याले आमचं आवतन नव्हतं ना, म्हणून आज टेम्पोतून उतरल्या उतरल्या देल्लं. नाहीतर उपाशीच राह्यला असता बिचारा."

अमृतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसायला टाकलेल्या बाजेकडे न बघता ते पवळ्यासमोर गेले आणि फडकं सोडलं. याने तोंड फिरवावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. फिरव बाबा. शिंग उगार. एवढी वर्षं तुला राबवलं आणि सणाच्या सकाळी गाडीत घातलं, काहीतरी कर.

पवळ्यानं पोळी हुंगली आणि खाल्ली. मग दुसरी. चारही खाल्ल्या, आणि हाताला लागलेलं तूप खरखरीत जिभेनं चाटून काढलं. बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडल्या नाहीत.

दर पोळ्याला अमृतराव त्याच्या पाया पडत. टोपी सावरत जरासं वाकायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, सगळे पडतात तसं. आज ते वाकले, कपाळ पवळ्याच्या ओल्या खुरावर टेकलं, आणि तिथंच राहिलं. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

घरातून बाहेर आलेला यशवंतराव घाबरून पुढं झाला.

"अमृतराव, उठा ना! गुडघा धरला वाटते तुमचा."

"हो," खालूनच अमृतराव म्हणाले. "गुडघाच धरला."