विहीणबाईंच्या पेल्यातली आल्यानिको

खरं तर मी हे सांगायला नको होतं. तळघरातल्या वाइननं वरच्या घरातल्या गोष्टी पोटात ठेवायच्या, अशी आमच्यात शिस्त असते. पण आज राहवत नाही. मी एक लाल वाइन बोलतेय. आल्यानिको माझं नाव.

माझा जन्म वुल्तुरे डोंगराच्या काळ्या मातीतला. हा डोंगर कधीकाळी आग ओकायचा, आता ढगांचं कांबळं पांघरून बसतो. सगळीकडची द्राक्षं तोडून होतात, तरी आमची वेलीवरच असतात. नोव्हेंबरच्या धुक्यात आमचे मालक सावेरियोबाबा गारठलेल्या बोटांवर फुंकर घालत ती खुडतात. उशिरा पिकल्यामुळे असेल, मी जराशी अबोल आणि तुरट आहे. पहिल्या भेटीत फारशी कुणाला आवडत नाही. आधी लाकडी पिंपात, मग बाटलीत, मी वर्षानुवर्षं निमूट पडून होते. बाबांनी आमच्या सगळ्या बाटल्या एकुलत्या एका लेकीच्या, इम्माच्या, लग्नासाठी राखल्या होत्या.

लग्न ठरलं आणि घोळ झाला. मुलगा कोझिमो तारांतोचा, समुद्रकाठचा. त्याच्या मामाचा द्राक्षमळा आहे. तिकडची वाइन गोड, मऊ, लगेच गळ्यात पडणारी. "लग्नात आमचीच असू द्या," कोझिमोच्या आईनं, अद्दोलोराताबाईंनी, कळवलं.

"आधी जेवायला या, मग बोलू," बाबा म्हणाले.

आज रविवारी मायलेक आले, तेही टोपलीभर काळे शिंपले घेऊन. पाहुण्यांनी आणलेलं आधी ताटात पडलंच पाहिजे. इम्माच्या आईनं ते शिजवून, लिंबू पिळून समोर ठेवले आणि बाबांनी आनंदाच्या भरात लगेच मला ओतलं. अहो, मासळीशी माझं जमत नाही! मी आतून ओरडत होते. पण बाटलीचं कोण ऐकतं?

बाईंनी शिंपला खाल्ला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"व्याही, ही वाइन आहे की गंजलेली किल्ली?"

"आई!" कोझिमो पुटपुटला.

"आई काय? चाखून बघ. जिभेला लोखंड लागतंय." आणि त्यांनी पेल्यावर तळहात ठेवला.

बाबांचे कान लाल झाले. ते माझ्याकडे बघेनात.

"बाबा, कोकरू येईपर्यंत थांबायचं होतं ना," इम्मा हळूच म्हणाली.

"आणि पाहुण्यांसमोर कोरडे पेले ठेवायचे?"

मला वाटलं, संपलं. आता खालच्या माझ्या बहिणी अंधारात पडून आंबट होणार.

तेवढ्यात कोकराचं मडकं आलं. कणकेनं बंद केलेलं त्याचं तोंड फोडलं, तसा वास घरभर पसरला. सोबत खारट चीज आणि कुरकुरीत तळलेल्या सुक्या लाल मिरच्या. बाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ओठांना चरबी चिकटली होती. आमच्या घाटातल्या वळणांना नावं ठेवता ठेवता त्यांचा हात नकळत पेल्याकडे गेला. एक घोट. त्या थांबल्या. मग आणखी एक. नव्या कापडाची खळ जावी, तसा त्या चरबीनं आणि मिठानं माझा तुरटपणा निघून गेला होता.

बाईंनी पेला उजेडात धरून पाहिला.

"ही दुसरी बाटली काढलीत वाटतं?"

"नाही हो, विहीणबाई. तीच. गंजलेली किल्ली."

कोझिमोला हसू आवरेना. शेवटी बाईही हसल्या. "बरं, बरं. लग्नात शिंपल्यांना भावाची आणि कोकराला ही. पण हे मी म्हणाले असं त्याला कुणी सांगायचं नाही!"

बाबांनी हळूच डोळे पुसले. मिरचीमुळे, म्हणाले.

आता मी तळाशी थोडीशीच उरलेय. माझी एकच विनंती आहे. पहिल्या घोटात कुणाला नावं ठेवू नका. माझ्यासारख्या अबोल मुलींना जरा हवा लागू द्या, आवडीची सोबत द्या, आणि मग बघा, आम्ही किती—

"सूनबाई, ती बाटली सरकव गं इकडे! मडक्यात मांस आहे अजून, आणि माझा पेला रिकामा!"