आटलेलं कापड

शिंप्याने कोटाची बाजूची शिवण उसवली, आतली कड बोटांनी चाचपली आणि तो थांबला. आत सोडायला कापडच उरलं नव्हतं. शिवताना त्याने दोन्ही बाजूंना चांगली दीड-दीड इंच माया ठेवली होती. पुढेमागे कोट ढिला करावा लागला तर असावं म्हणून आत दुमडलेलं जास्तीचं कापड. दोन वर्षांत थोडी थोडी करत ती सगळी सोडून झाली होती. आता राहिली होती ती जेमतेम टाका धरण्यापुरती कड.

कोट त्याच्या मुलीचा होता, ऑफिसचा. सकाळी ती तो मशीनवर ठेवून गेली होती. "काखेत जरा काचतोय," एवढंच म्हणाली होती.

त्याने कोट उलटा केला तसा आतल्या खिशातून घडी घातलेला कागद पडला. रक्ततपासणीचा होता. शिंप्याला आकड्यांचं भय नव्हतं, उभा जन्म त्याने आकड्यांतच काढला होता. पण या कागदावरच्या दोन आकड्यांभोवती कुणीतरी पेनाने गोल काढले होते, आणि त्यातल्या एकापुढे साखर असं लिहिलं होतं. तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती.

असे कागद त्याने आधी पाहिले होते. बायकोची साखर अशीच एका गोल काढलेल्या आकड्यापासून सुरू झाली होती. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत दोघांनी पाच वर्षं काढली. मग पायाची एक जखम भरेना, आणि बावन्नाव्या वर्षी ती गेली. मुलगी आता चौतिशीत होती. त्याने नको नको म्हणत मनातल्या मनात वजाबाकी केलीच.

तपासणीवाल्यांनी कुणाचा तरी कागद कुणाला दिला असेल, असं त्याला क्षणभर वाटलं. मग वर लिहिलेलं नाव त्याने पुन्हा वाचलं.

ती जन्मली तेव्हा दोन किलोचीही नव्हती, म्हणून घरात तिला पिटुकली म्हणू लागले. ही पोर जगते की नाही, असं सगळ्यांना वाटायचं. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक जण तिला काहीतरी भरवूनच जायचा. दोन वर्षांत पोर बाळसेदार झाली, सगळ्यांना धन्य धन्य वाटलं, आणि भरवणं थांबवायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

अकराव्या वर्षी तिच्या फ्रॉकची पाठीमागची बटणं लागेनात. पिटुकली आरशासमोर डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं: आता तुम्हीच काय ते सांगा. शिंप्याने सांगितलं, "कापड आटलंय गं. तुझी काही चूक नाही." फ्रॉक सैल करून दिला, आणि पोरीचा चेहरा खुलावा म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून क्रीमच्या बिस्किटांचा पुडाही आणला. तेव्हापासून तो रिवाजच पडला. कपडा सैल झाला की त्याच्या घडीवर काहीतरी गोड. दुखण्यावर दुखणंच औषध म्हणून देत होता बिचारा, पण प्रेमाने देत होता, आणि प्रेमाने दिलेल्याचं माप कोण काढतं?

पुढे तिला मदतवाहिनीत नोकरी लागली. नऊ तास खुर्चीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. जागेवरून उठलं तर मिनिटं मोजली जायची. जेवायला वीस मिनिटं, म्हणून बहुतेक दिवशी ऑफिसातल्या मशीनमधून पडणारी वेफर्स-बिस्किटांची पाकिटं हेच जेवण व्हायचं. लहानपणी ती पळायची त्या मैदानावर आता गाड्या उभ्या राहायच्या. घरापासून बसपर्यंत आणि बसपासून खुर्चीपर्यंत, एवढंच तिचं चालणं. हे सगळं शिंप्याला दिसत होतं. तो डोळ्यांवर कातडं ओढून बसला होता, दुसरं काय?

सहाच्या सुमारास ती आली. दुकानाला तीनच पायऱ्या होत्या. दुसरीवर तिने दाराची चौकट धरली, श्वास घेतला आणि मग आत आली. टेबलावर उसवलेला कोट होता. शेजारी तो कागद होता. त्याने तो लपवायचं ठरवलं होतं, मग लपवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि शेवटी ठरवेपर्यंत ती आलीच.

तिने कागदाकडे पाहिलं. शिंप्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

"कापड जरा आटलंय."

ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली.

"बाबा, तुम्ही कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच त्याला कात्री लावता. दुकानाचं नाव त्यावरच आहे. आणि ते भिजलेलं कापड पिळून दोरीवर घालायला कोण असायचं?"

"तू."

"मग? आपल्याकडचं कापड आटतं होय कधी?"

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तेवीस वर्षं आपण पोरीला सांभाळून घेतो आहोत, असं तो समजत होता.

"पहिल्यापासून माहीत होतं तुला?"

"त्या फ्रॉकपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा चेहरा एवढासा झाला असता. शिवाय बिस्किटं बंद झाली असती." ती हसली. त्याला हसू आलं नाही, तेव्हा तीही थांबली.

"तीन महिने झाले," तो कागदावर बोट ठेवून म्हणाला. "मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तपासणीचं मशीन बिघडलंय."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझी आई सांगत होती, पोरीला खरं सांगा. मला वाटलं, जग आहेच की सांगायला. निदान बापाने तरी कशाला."

"जगाने सांगितलं की बाबा. रोज सांगतं. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते, तेव्हाही सांगतं." ती हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "तुम्ही सांगत नव्हता, म्हणून तर घरी यावंसं वाटायचं."

शिंप्याने मान फिरवली आणि फळीवरून गडद निळ्या कापडाचा तागा खाली घेतला. हा कोट आता आणखी सैल होणार नव्हता, नवाच शिवावा लागणार होता. त्याने गळ्यातली टेप हातात घेतली. ती उठून उभी राहिली. आजवर तिचे कपडे तो नजरेच्या अंदाजाने बेतत आला होता. टेप लावली की आकडा सांगावा लागतो. आज त्याने टेप तिच्या छातीभोवती नेली, मग पोटाभोवती, आणि आकडा मनातच वाचला.

"मोठ्याने सांगा," ती टेबलावरच्या मापांच्या वहीवर पेन टेकवून म्हणाली. "मी लिहितेय."

त्याने सांगितलं. तिने लिहिलं. दुकानाचं छत काही कोसळलं नाही.

"मी काय म्हणतो," तो खडू हातात घेत म्हणाला, "यातनं दोन इंच कमीच धरतो. डॉक्टर सांगतील तसं करायचं, मी रोज बरोबर चालायला येईन, गोड तर उंबऱ्याच्या आत आणणार नाही. महिना-दोन महिन्यांत उतरशील तेवढी. कोट आधीच तयार असला म्हणजे हुरूप राहील."

"आणि तोवर काय घालू?"

त्याने खडू खाली ठेवला.

"उतरेन की नाही, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "प्रयत्न करणार आहे. पण सोमवारी ऑफिसला जायचंय ते मलाच, दोन महिन्यांनंतरच्या बाईला नाही. आज आहे तेवढ्याचाच शिवा."

शिंप्याने वही जवळ ओढली आणि तिने लिहिलेल्या आकड्यांप्रमाणे, एक सूतही कमी न करता, निळ्या कापडावर पांढरी रेघ ओढली. ती टेबलाला टेकून बघत होती. रेघ पुरी झाल्यावर तिने विचारलं,

"उद्या दुकान जरा उशिरा उघडाल? सकाळी डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"ही पहिलीच खेप?"

"तिसऱ्यांदा घेतलीय. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले." तिचा आवाज लहान झाला. "मला भीती वाटते, बाबा. आईसारखं होईल याची."

त्याच्या जिभेवर काय काय आलं. काही होत नाही. हल्ली औषधं चांगली निघालीत. आईचं वेगळं होतं, तुझं वेगळं आहे. आयुष्यभर अशी वाक्यं त्याच्याकडे बेतून तयार असायची.

"मलाही वाटते," शिंपी म्हणाला. "किती वाजता निघायचं?"