गोटीरामचं कॉर्नेट

ही २०२३ सालची गोष्ट. दिवाळी होऊन नाशिकला थंडी पडू लागली होती, पोलीस बँडच्या भरतीची चाचणी आठ दिवसांवर आली होती आणि हर्षालीचा सूर काही केल्या जोडला जात नव्हता.

जीभ न लावता, एकाच फुंकेत खालच्या सुरावरून वरच्या सुरावर जायचं, ही त्या चाचणीतली मुख्य गोष्ट. हर्षाली कॉर्नेट, म्हणजे बँडमधला आखूड ट्रंपेट, फुंकायची आणि दोन सुरांच्या सांध्यावर घसा बसल्यासारखी खरखर यायची.

"तुझ्या ओठांत दम नाय," कलाबाई नातीला म्हणायची. "याच कॉर्नेटवर तुझ्या आज्यानं भद्रकालीपासून गंगेपर्यंत वराती नाचवल्या."

आजा म्हणजे कलाबाईचा नवरा गोटीराम. १९९६ साली त्याने वणीला देवीसमोर तंबाखू सोडली, आणि दोन वर्षांनी हे कॉर्नेट नवं कोरं घेतलं. २०१० साली तोंडाच्या आजाराने तो गेला. त्या आजारात डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं तेव्हा बँडमधला त्याचा जोडीदार खंडेराव "खातो की" म्हणाला. कलाबाई डॉक्टरांशी भांडली आणि खंडेरावचं तोंड पाहणं तिने सोडलं. कॉर्नेट देवघराशेजारच्या फळीवर गेलं. खंडेनवमीला घरोघरी अवजारं पुजतात, तशी ती त्याची पूजा करायची. हळदकुंकू, अक्षता, आणि भोंग्यात पळीभर पंचामृत. हर्षालीने ते वाजवायला घेतलं त्याला आता तीन महिने झाले होते.

कलाबाईच्या माहितीत कॉर्नेट दुरुस्त करणारा एकच माणूस होता, खंडेराव. पोर रडकुंडीला आली तेव्हा कलाबाई तिला घेऊन त्याच्या दुकानात गेली.

"या वहिनी. तेरा वर्षांनी वाट सापडली."

"पोरीसाठी आले. कॉर्नेट बघा, बाकी बोलू नका."

खंडेरावने माउथपीस काढला आणि हर्षालीला नुसता तेवढाच फुंकायला लावला. आवाज खालून वर सलग चढला, कुठे तुटला नाही.

"ओठ उत्तम आहेत पोरीचे," तो म्हणाला. मग बोटाखालचा खटका न दाबता त्याने बाजूची छोटी नळी ओढली. "घट्ट असती तर बूच उडाल्यासारखी वाजली असती." ती मुकाट निघून आली. "खटके झिजलेत. हवा गळतेय. आणि आतही काहीतरी तटलंय."

त्याने घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि नळीत तारेचा ब्रश घातला. आधी भोंग्यातून तांदूळ पडले, काळे, एकमेकांना चिकटलेले, पोरकिड्यांसकट.

"हा भात कोणी शिजवला वहिनी?"

कलाबाईच्याच हातचे होते ते, पूजेच्या अक्षतांचे.

मग फुंकायच्या बाजूच्या नळीतून तपकिरी, बुळबुळीत लगदा बाहेर आला. पाणी विटकरी झालं. लगद्यात सुपारीचे तुकडे होते, आणि भिजल्यावर तंबाखूचा वास असा उठला की हर्षाली तोंडावर ओढणी धरून दारात पळाली. तीन महिने ती त्याच नळीला तोंड लावून श्वास ओढत होती.

कलाबाई घमेल्याकडे बघत राहिली. कॉर्नेट घेतलं अठ्ठ्याण्णव साली. शपथ त्याच्या आधीची. त्या डॉक्टरांसमोर, साऱ्या वॉर्डासमोर ती देवीचं नाव घेऊन भांडली होती.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"पुडी माझ्याच पेटीत असायची. घरी नेली तर तुम्ही चुलीत घालाल म्हणायचा."

"आणि तुम्ही ठेवू दिली."

खंडेरावने मान खाली घातली. "सोबती होता माझा."

"सोबती," कलाबाई म्हणाली, जणू तो शब्दही त्या घमेल्यातून निघाला होता. "दुसरं दाखवा. हे पोरीच्या तोंडाला लागायचं नाय आता."

दुकानात दोन होती. एक निकेल केलेलं, आरशासारखं. दुसरं काळपटलेलं, डाग देऊन सांधलेलं. कलाबाईने हर्षालीला आत बोलावलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड केलं. "दोन्ही वाजव. कुठलं कुठलं ते सांगू नको."

पहिलं गोड वाजलं, पण वर जाताना सांध्यावर किंचित फुटलं. दुसऱ्याचा सूर तेलाच्या धारेसारखा वर चढला. तीस वर्षं नवऱ्याचा सराव ऐकलेल्या कानाला पुन्हा ऐकायची गरज नव्हती.

"दुसरं."

ते काळपट निघालं. तिने खटका न दाबता स्वतः नळी ओढली, टप्पकन वाजली. मग नळीला नाक लावून वास घेतला.

"ते रोज धुतो मी," खंडेराव पुटपुटला.

"धुवायलाच पायजे."

हर्षालीचा चाचणीत सूर जुळला. ती आता पोलीस बँडमध्ये आहे. बदली लांब झाली, पण दर रविवारी कॉर्नेट धुते आणि धुतलं म्हणून आजीला कळवते. डीजेपुढे खंडेरावचं दुकान टिकलं नाही. तो एका शाळेत पोरांना बँड शिकवतो. कलाबाई त्याच्याशी बोलते, कामापुरतं. गोटीरामचं कॉर्नेट तिने भांडीबाजारात मोडीत घातलं. दुकानदार म्हणाला, बदल्यात पितळेची घागर घ्या. तिने स्टीलची बादली घेतली. गोटीरामचा फोटो भिंतीवर आहे, पण त्यापुढे ती आता विडा ठेवत नाही. खंडेनवमीला हर्षाली घरी आली तर तिच्या कॉर्नेटला कुंकवाचं बोट लावते. बाहेरून.