सरांची शुभ केबल

विद्यापीठातल्या मायक्रोवेव्ह विभागाचे सर सकाळी उठले की आधी मोबाइल बघत, मग दात घासत. जगात कुणी आपल्या शोधनिबंधात त्यांच्या निबंधाचा उल्लेख केला की एक सायटेशन जमा होई. रात्रीतून असे किती जमले, हे कळल्याशिवाय सरांना चूळ भरवत नसे.

"दोन वाढले!" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडत.

"छान झालं. आता दूध तेवढं आणा," पत्नी म्हणे.

उल्लेख असे आपोआप वाढत नसतात. सरांच्या हाताखालच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या निबंधात सरांच्या त्या गाजलेल्या चिमुकल्या अँटेनाचं नाव घ्यावंच लागे. विद्यार्थी पुढे स्वतः मास्तर झाले की तेही आपल्या विद्यार्थ्यांना ते घ्यायला लावत. अशा रीतीने सरांचा वंश वाढला आणि वंशाबरोबर आकडाही.

प्रयोगशाळेचा आणखी एक दंडक होता. मोजणी करायची ती सरांच्या जुन्या केबलनेच. त्या गाजलेल्या निबंधातली अँटेना याच केबलने मोजली होती, म्हणून ती शुभ. खरं तर कुठल्याही मोजणीआधी केबलचा स्वतःचा परिणाम यंत्राकडून वजा करून घ्यायचा असतो. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे शिकवतात. पण इथे कुणी तसं करायला गेलं की सर विचारत, "माझ्या केबलवर संशय?" संशय कुणालाच नसे.

त्या वर्षी सरांचा सत्कार ठरला. केबल काचेच्या पेटीत जाऊन बसली. प्रबंध संपवायच्या घाईत असलेल्या एका विद्यार्थिनीने मग नवी केबल आणली, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तिचा परिणाम वजा केला आणि सरांची अँटेना स्वतः बनवून जोडली. आलेखात जिथे अँटेना काम करतेय हे दाखवणारा तो प्रसिद्ध खोल खड्डा दिसायला हवा, तिथे सरळ रेष आली. तिने पुन्हा अँटेना बनवली. पुन्हा सरळ रेष.

"सर, येत नाहीये," ती म्हणाली.

"हात दाखव," सर म्हणाले.

तिने सगळ्यांदेखत हात पुढे केले. सरांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"हे हात टाळ्या वाजवायला ठीक आहेत. परवा सत्काराला पहिल्या रांगेत बस."

सगळे हसले, कारण सर हसले होते.

"आणि प्रबंधात लिही, निष्कर्ष जुळले म्हणून. नाहीतर घरी कळवून टाक, मुलीला झेपलं नाही. पदवी काय, सगळ्यांच्याच नशिबात नसते."

सत्काराच्या दिवशी सरांचे गुरू, सगळ्यांचे मोठे सर, पाहुणे म्हणून जरा लवकरच पोचले. प्रयोगशाळेत डोकावले, तर ही पोरगी सरळ रेषेपुढे डोळे पुसत बसलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पेटी उघड," ते म्हणाले.

तेवढ्यात सर धावत आले. "अहो मोठे सर, ती केबल सत्काराची आहे!"

"असू दे रे. सत्कार कशाचा चाललाय ते तरी बघू."

जुनी केबल जोडली. पडद्यावर देखणा खड्डा उमटला.

"बघा!" सर आनंदाने ओरडले. "हिचे हातच..."

"आता अँटेना काढ गं," मोठे सर म्हणाले.

तिने अँटेना काढून टेबलावर ठेवली. खड्डा जागचा हलला नाही! अँटेना टेबलावर आणि तिची कीर्ती पडद्यावर!

"केबल आतून मोडलीय तुझी," मोठे सर शांतपणे म्हणाले. "इतकी वर्षं जग तिचंच नाव घेतंय."

"पण एवढ्या लोकांनी उल्लेख केलाय! ते सगळे काय वेडे?"

"त्यातल्या किती जणांनी ती बनवून पाहिली?"

सर केबलची टोकं घट्ट करू लागले.

"एकाच बंद घड्याळात बघून शंभर जणांनी वेळ सांगितली, म्हणून घड्याळ चालू होत नाही, बाबा. हिच्याआधी तुला कुणी हे सांगितलं होतं?"

सरांची मान खाली गेली. "एकाने. थरथऱ्याने."

थरथऱ्या असं बारसंही सरांनीच केलेलं. काही वर्षांपूर्वी त्या मुलाने गुपचूप केबलचा परिणाम वजा करून पाहिला आणि खड्डा नाहीसा झाला, तेव्हा सर म्हणाले होते, तुझे हात थरथरतात. मग त्याला चहाचा कप देतानाही पोरं "सांभाळ रे" म्हणत. तो पदवी न घेताच निघून गेला.

सर व्यासपीठावर उभे राहिले आणि म्हणाले, "माझा निबंध चुकीचा आहे. मी तो मागे घेतो." निम्म्या सभागृहाने सवयीने टाळ्या वाजवल्या. विद्यार्थिनीचा प्रबंध सरळ रेषेसकट मंजूर झाला. मागे घेतलेल्या निबंधाचे उल्लेख मात्र वाढतच राहिले. उल्लेख करणारे आधीही तो वाचत नव्हते.

सर पत्ता काढत थरथऱ्याकडे गेले. त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर काच चिकटवायचं काम त्याची बायको करत होती.

"तुझा हात बरोबर होता," सर म्हणाले. "केबल माझी खराब होती."

"माहीत होतं, सर."

"मग तेव्हा ठासून बोलला का नाहीस?"

"बोललो होतो की."

सर काउंटरपाशी सरकले. "परत ये. पदवी पूर्ण करू. मी स्वतः बसतो तुझ्याबरोबर."

त्याने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. ते पानासारखे हलत होते.

"तेव्हा थरथरत नव्हते, सर. तुम्ही सगळे म्हणत राहिलात, मग लागले."

सर त्या हातांवर आपला हात ठेवून उभे राहिले. थरथर थांबली नाही.

वाचकहो, ज्याचं नाव सगळे घेतात त्याचंही एकदा स्वतः करून पाहा. आणि एखादा करून पाहून "येत नाही" म्हणाला, तर त्याच्या हातांकडे बोट दाखवण्याआधी आपली केबल तपासा. निबंध मागे घेता येतो. माणसाला ठेवलेलं नाव मागे घ्यायची सोय अजून कुठल्याही विद्यापीठाने केलेली नाही.